आत्याच्या मातीवर दिवा नको

पालमपास्नं परभणीपर्यंत तोंडाच्या जोरावर मला हरवील असा गडी अजून जन्मला न्हाई. ह्याच तोंडानं मी माझ्या सख्ख्या आत्याचं संतपण घालवलं.

मला लिहिता येत न्हाई. मी बोलायलो अन् सूनबाई लिहून घ्यायलीय. ती मधी कुठंबी हसत न्हाई, म्हंजे बराबर लिहायलीय असं मी धरून चाललो.

आमचं गाव पालमच्या अलीकडं. गावाच्या खालच्या अंगाला दोर वळणाऱ्यांचा वाडा. त्यातला अर्धा वाडा आज्ज्याच्या काळात किरिस्ताव झाला. गाव म्हणतंय, दुष्काळात मिशननं ज्वारी दिली म्हणून झाला. फादर म्हणायचे, देवानं बोलावलं म्हणून झाला. आज्जा म्हणायचा, दोन्ही एकाच दिवशी झालं, आधी कोणतं झालं ते आता आठवत न्हाई.

मिशन म्हंजे काय लय मोठं नव्हतं. पत्र्याचं एक देऊळ, फादरची खोली, एक हीर, अन् अंगणात धान्य ठिवायचं पेव. पेव म्हंजे जमिनीत खांदलेली कोठी. वरून एक माणूस उतरंल एवढंच तोंड, खाली पोट मोठं. फादर गोरे, समुद्रापलीकडचे, पण आमच्यात इतकी वर्षं काढलेली की ठेच लागली तर "आई गं" म्हणायचे.

माझी आत्या तिथं पाणी भरायची, झाडलोट करायची, किल्ल्या सांभाळायची. ठेंगणी, नाक बसकं, आवाज कावळ्यासारखा. दिसातून धा वेळा मिश्री लावायची. संतीन मिश्री लावती का, हा सवाल पुढं आमच्या वाड्यात लय दिवस चालला. आत्याच्या नवऱ्याला आमी मामा म्हणायचो. मामा दोर वळायचा अन् देवळाची घंटा वाजवायचा. बोलायचा मात्र इतकं कमी, की घंटाच जास्त बोलती म्हणायचे लोक.

पोलीस ॲक्शन झालं त्या भाद्रपदात फादर गावात नव्हते. त्याच्या आधीचं वर्षभर रझाकाराच्या भेवानं आमी रानात निजायचो. मंग फौज आली, रझाकार पळाले, अन् गाव उलटं फिरलं. ज्यांनी केलं ते कवाच निघून गेले व्हते. मागं राहिले ते गरीब मुसलमान, पिंजारी, शिंपी, त्यांच्या बाया, लेकरं. कुऱ्हाडी घेऊन लोक त्यांच्या दारात गेले. आत्याकडं मिशनच्या किल्ल्या व्हत्या. त्या साली पेव रिकामं व्हतं. तिनं पिंजारगल्लीतल्या बाया मागच्या अंगानं आणल्या, पेवात उतरवल्या, तोंडावरचा दगड हवेपुरता तिरपा ठिवला, वर घोंगडं टाकलं अन् सोता त्याच्यावर बसून मिश्री लावायला लागली.

कुऱ्हाडीवाले आले. "खाली काय हाय गं?"

"उंदरं हायेत. उतरा की, न्या धरून."

ते हसले अन् गेले. एवढी हुशारी आमच्या खानदानात तिच्यातच व्हती. तुमी इचारताल, तू कुठं व्हतास रं? मी कडब्याच्या गंजीत व्हतो. मला कुणी मारायला आलं नव्हतं. मी आपलं आधीच लपून घेतलं.

पुढच्या सालात पटकीची साथ आली. एकेका घरातून दोन-दोन मढी. आत्यानं जात बगितली न्हाई, धर्म बगितला न्हाई, सगळ्यांचं हगणंमुतणं काढलं, पाणी पाजलं, अन् शेवटाला तीबी पडली. फादरला निरोप गेला, पण गंगेला, म्हंजे आमच्या गोदावरीला, पाणी आलेलं, नाव चालंना. आमच्यात मरणाऱ्याला पापाची कबुली द्यावी लागती, फादरनं कपाळाला तेल लावावं लागतंय. ते काहीच झालं न्हाई. तेलाबिगर, कबुलीबिगर गेली. देवळाच्या मागं मिशनच्याच जमिनीत तिला माती दिली.

मढं थंड झालं अन् गावातली तोंडं गरम झाली. "पेवात बायाच व्हत्या का एखादा बाप्याबी व्हता?" कुणी म्हणलं रझाकार व्हता. कुणी म्हणलं, रझाकार कसला, तिचाच व्हता. ज्यांचं हगणंमुतणं तिनं काढलं त्यांच्याच वसरीवर ह्या गोष्टी चालायच्या. मामा दोर विकायला गेला की लोक बोलता बोलता गप व्हायचे. गप झाल्यावर माणसाला जास्त ऐकू येतंय.

आता गंमत बगा. एका तोंडानं हे बोलायचं, अन् दुसऱ्या तोंडानं तिच्या मातीला हात लावायचा. वाड्यातल्या काही बाया लेकरू आजारी पडलं की तिच्या मातीचा अंगारा लावायला लागल्या. पेवातल्या बायांमधली एक पुढं राणीसावरगावला तिच्या भावाकडं राहायला गेली व्हती. ती सालातून एकदोनदा यायची, दिवा लावायची, बुरख्यातच बसायची थोडा वखत, अन् जायची. बस्स. एवढंच व्हतं. एवढंच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

माझाबी एक चमत्कार हाय त्यात. एका तापात माझा आवाज पार गेला. ओठ हलायचे, आवाज न्हाई. वाडा लय सुखात व्हता. पण आईनं आत्याच्या कबरीची चिमूटभर माती पाण्यात कालवून मला पाजली, अन् चार-आठ दिसांत आवाज परत आला. वाड्यानं एकमतानं ठरवलं, बाई संत असंल, पण हे काम तिचं चुकलं.

फादरच्या मनात मातूर हे सगळं बसलं. लांबच्या शहरात बसणाऱ्या बिशपसाहेबाला ते लिहीत राहिले. कागद जायचा, उत्तर येत नव्हतं. मंग एकदा आलं. चौकशीला एक फादर येणार. फादरनं देवळात सगळ्यांना बसवून समजावून सांगलं. चौकशीचे साहेब गवाह बोलावणार, कसम घालून इचारणार, लिहून घेणार. ते पटलं तर कागद रोमला जाणार. तिथं एक वकील असतो, त्याचं काम एकच, मेलेल्या माणसाची खोट काढायची. त्याला लोक सैतानाचा वकील म्हणतेत.

आई म्हणली, "अगं बाई! देवाच्या घरी सैतानाला वकील मिळतोय, अन् आमाला पालमच्या कचेरीत दारात उभं करत न्हाईत."

मामा तवा पहिल्यांदाच देवळात बोलला. "फादर, कसम घालून इचारतेत?"

"हो."

"कुणालाबी? त्या राणीसावरगावच्या बाईलाबी?"

"तिलाच पहिलं विचारणार. पेवात कोण होतं ते तिला माहीत आहे ना."

"अन् ते कागदावर येतंय? शिक्क्यानं?"

"येतं."

मामा खाली बसला. त्याला रोम नको व्हतं, संतीन नको व्हती. त्याला एवढंच पाहिजे व्हतं की कुणीतरी मोठ्या माणसानं त्या बाईला इचारावं, तिनं सांगावं, अन् ते गावासमोर वाचावं. सोता त्यानं तिला कधी इचारलं न्हाई. ती येऊन मातीजवळ बसायची तवा हा घंटेच्या खांबाला टेकून उभा राहायचा. नवऱ्यानं इचारलं म्हंजे नवऱ्याच्या मनात आलं व्हतं, असंच झालं की मंग. म्हणून चर्चनं इचारावं.

फादर चौकशीच्या साहेबाला आणायला परभणीला निघाले. निघताना मला मुद्दाम बोलावलं. "ऐक. कबर आहे तशी राहू द्या. हार नाही, दिवा नाही, चादर नाही. चर्चनं सांगायच्या आधी आपण संत म्हणून पूजा केली, तर चर्च मग सांगत नाही. असा नियम आहे. समजलं?"

"समजलं, फादर."

समजलं व्हतं बी. पण मला ते पटलं न्हाई. मला वाटलं, फादर साधा माणूस हाय, पाव्हण्यापुढं मिरवायला लाजतो.

संध्याकाळी वाड्यात बैठक बसली. मामा म्हणला, "फादर म्हणले काही करू नका. तर काही करायचं न्हाई. आणेवारीला साहेब येतो तवा आपण उभं पीक दाखवतो का? वाळलेला कोपरा दाखवतो. हे तसंच हाय."

मी म्हणलं, "मामा, आणेवारीला आपण साऱ्यात सूट मागायला असतो. हितं काय सूट मागायलो का? हितं पोरगी दाखवायलो. पाव्हणे पोरगी बगायला आले तर तिला राखंत लोळवून उभी करता का?"

"पोरगी मेलीय रं, मुडद्या," आई म्हणली.

"म्हणूनच तर! तिला सोताला नटता येत न्हाई. आपणच नटवायची."

लोक हसले. अन् आमच्या वाड्यात एकदा हसू फुटलं की ठराव पास झाला. मामाच्या बाजूनं कुणी हसलं न्हाई, म्हणून मामा हरला. अशी आमची पंचायत.

मंग काय! कबरीला चुना दिला. कडंनं विटांचा कट्टा बांधला. आंब्याच्या पानाचं तोरण. हिरवी चादर पाहिजे म्हणून मी दर्ग्यावाल्याकडनं आणली. कोनाडा करून त्यात दिवा. अन् परभणीला पाट्या रंगवणारा एक पेंटर व्हता, त्याच्याकडनं आधीच मी आत्याचा फोटू काढून आणला व्हता. फोटू म्हंजे, तिला कधी कुणी कॅमेऱ्यापुढं उभं केलेलं नव्हतं. मी तोंडी सांगलं: ठेंगणी, नाक बसकं, दात काळे. पेंटरला किरिस्ताव म्हणल्यावर एकच बाई काढता येत व्हती. त्यानं गोरीपान, उंच, निळ्या पदराची काढली. "डोक्यामागं गोल पाहिजे का?" त्यानं इचारलं. मी म्हणलं, "पाहिजे की. मोठा काढ."

मामानं त्या फोटूकडं बगितलं. "ही कोण?"

"आत्या."

"हिनं पाणी भरलं असतं का रं?" एवढं म्हणून तो दोराची अंबाडी सोलायला गेला.

चौकशीचे साहेब आले. वाळके, चष्म्यावाले, काळ्या झग्यातले. ते आपल्याच देशातले, समुद्रकाठचे, मराठी बोलणारे, पण आपल्यापेक्षा मऊ. फादरनं वसरीवर मेज-खुर्ची मांडून ठिवली व्हती. राणीसावरगावची बाई सकाळपास्नं वसरीच्या कोपऱ्यात बुरखा घेऊन बसलेली. फादरनं ठरवलं व्हतं, पहिली ती, मंग बाकीचे, सगळ्यात शेवटी मी. मधी चार माणसं मेली असती तरी मला शेवटालाच ठिवायचं, असं त्यांच्या मनात असावं.

पण मी हलगीवाले बोलावून ठिवले व्हते. गाडी दिसली की हलगी कडाडली, अन् त्या गडबडीत साहेब वसरीवर न जाता हलगीच्या मागं मागं सरळ कबरीजवळच आले. आले अन् उभे राहिले. तोरण बगितलं. चादर बगितली. दिवा बगितला. फोटूच्या डोक्यामागच्या गोलाकडं लय वेळ बगितलं.

"हे कुणी केलं?" साहेबानं इचारलं.

"ही माणसं..." फादर बोलायला गेले.

"साहेब, मी सांगतो!" मी पुढं झालो.

"कधीपासून आहे हे?"

हितं "परवापास्नं" म्हणायचं व्हतं. खरं तेच व्हतं. चुना अजून वला व्हता. पण एवढा मोठा साहेब एवढ्या लांबून आला, अन् त्याला "परवापास्नं" सांगायचं? माझी जीभच वळंना.

"साहेब, माती पडली त्या दिसापास्नं! हा दिवा एकदाबी इझला न्हाई. शुक्रवारी तर हितं पाय ठिवायला जागा न्हाई. गंगाखेडहून गाड्या येतेत, नांदेडहून येतेत. नवस बोलतेत, नवस फेडतेत. मुसलमान चादर घालतेत, मराठे नारळ फोडतेत."

"आणि तुम्ही?"

"आमी जयजयकार करतो. संत आत्याबाई की..." हलगीवाल्यांनी "जय!" म्हणलं. त्यांना ते शिकवून ठिवलं व्हतं.

"संत म्हणता?"

"दुसरं काय म्हणावं, साहेब? माझाच आवाज गेला व्हता, पार गेला. चिमूटभर माती पोटात गेली, अन् आला!"

"हो," साहेब म्हणले, "ऐकू येतंय."

"डोक्यामागचा गोलबी मीच सांगून काढून घेतला. पेंटर बारका काढायला व्हता."

साहेबानं खिशातला पेन काढला व्हता, त्याला टोपण घातलं. मला वाटलं, माझ्या एकट्याच्या गवाहीतच काम भागलं. मी मामाकडं बगून डोळा मारला.

मंग ते दोघं फादर वसरीवर गेले. आमच्या फादरनं मुद्दाम मराठीतच तोंड उघडलं, आमाला ऐकू यावं म्हणून.

"ह्या माणसाला वाढवून बोलायची सवय आहे. मी गेलो तेव्हा इथं चुन्याचा ठिपका नव्हता."

"तुम्ही काल इथं होता?"

"मी तुम्हाला आणायला गेलो होतो."

"मग तुम्ही कशावरून सांगता? तो म्हणतो माती पडली त्या दिवसापासून, म्हणजे सहा-सात वर्षं. शंभर माणसांसमोर म्हणाला. एकानंही नाही म्हटलं नाही."

हे खरं व्हतं. सगळे ऐकत व्हते. आईनं माझा सदरा मागनं वढला व्हता, तेवढंच.

फादर म्हणले, "ती बाई कोपऱ्यात बसली आहे. तिचं तरी ऐका."

"ऐकून काय लिहू? कागदावर वरचा पहिला प्रश्न हाच आहे: सार्वजनिक पूजा होती का? तिथं 'हो' लिहिलं की खालचं कुणी वाचत नाही."

"चर्चनं म्हणायच्या आधी ती देवाजवळ नव्हती का?"

"असेल. मी कुठं नाही म्हणतो? पण 'आहे' म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, आणि ह्यांना तर नाहीच नाही."

"तोवर ह्यांनी काय करायचं?"

"घरात, एकट्यानं प्रार्थना करावी."

"एका खोलीत आठ माणसं राहतात, फादर. ह्यांच्यात एकटं कुणी नसतं."

साहेबानं चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, हे आज कळतंय. ते म्हणले, "लोकांनी ज्याला आधीच देव्हाऱ्यात बसवलं, त्याच्याविरुद्ध मग कोण तोंड उघडणार? ह्या बाईचं काही वाईट माहीत असलेला एखादा असेल. तो ह्या दिव्यासमोर येऊन सांगेल?"

'वाईट' म्हणल्याबरोबर मामा उठला. खांब सोडून वसरीपर्यंत आला. हात जोडले न्हाईत, काही न्हाई. "साहेब, वाईट काय हाय तेच इचारा की मंग. तिथं बसलीय ती. इचारा तिला. तेवढ्यासाठीच तर..."

"बाबा," साहेब हळू म्हणले, "मला आता इथं काहीच विचारता येत नाही."

गावचे पाटील मजा बगायला आलेले. ते मोठ्यानं म्हणले, "काय रं तुमचा धर्म! आमच्यात गंगाखेडची ती दळण दळणारी बाई. तिला कुणी कचेरीत उभी केली? लोकांनी म्हणलं संतीन, झाली संतीन. तुमची बाई मेल्यावरबी परवानगीसाठी खोळंबली."

हे पाटील आत्याची माती व्हायच्या आधी तिच्या हातचं पाणी प्यायले व्हते, पटकीत. बरे झाल्यावर पेवातल्या बाप्याची गोष्ट ह्यांच्याच वसरीवर रंगायची. पण ते बोलले त्यातलं एक अक्षरबी खोटं नव्हतं.

फादरनं सोता तोरण काढलं. फोटू उलटा करून भिंतीला लावला. दिव्यावर पालथा हात ठिवून इझवला. विटांचा कट्टा आमाला काढायला लावला. साहेब जाताना सांगून गेले, काही वर्षं हितं पूजेचं नाव काढू नका, मंग परत लिहून बगा. चादर फादरनं घडी करून त्या बाईच्या हातात दिली. तिनं ती घेतली न्हाई, तिची नव्हतीच ती. ती एवढंच म्हणली, "मेरेकू नई पूछे?"

"नाही," फादर म्हणले.

"मैं सब याद करके आई थी, फादर." अन् ती आपल्या गाडीत बसली.

मला वाटलं, गाव आता मला हसंल. हसलं न्हाई. गावानं वेगळंच काढलं. "बगितलं का? लांबून चौकशीला आले, अन् न इचारताच तोंड झाकून गेले. काहीतरी घावलं असणार." आधी वसरीवर बोलायचे, आता हिरीवर, बाजारात, मामाच्या तोंडावर बोलायला लागले. आधी ती अफवा व्हती. आता तिला चर्चचा शिक्का बसला. रोमला सैतानाचा वकील असतो म्हणतेत, आमच्या बाईला तिथवर जायची गरजच पडली न्हाई. तिचा वकील घरातच व्हता, अन् तो भाच्याच्या नात्यानं फुकट भांडला.

त्या दिसापास्नं मामानं आपलं दोर वळायचं बिऱ्हाड कबरीजवळ मांडलं. तिच्याकडं पाठ करून बसायचा अन् अंबाडी वळायचा. का? तर कुणी दिवा लावू नये म्हणून. साहेब म्हणले ना, काही वर्षं. कुणी अंगारा उचलायला आलं की हाकलायचा. फूल ठिवलं की उचलून काट्याच्या कुपाटीत फेकायचा. बायकोच्या मातीवरलं फूल. मी म्हणलं, "मामा, एखादं राहू द्या." तो म्हणला, "तू मोज, किती वर्षं झाली ते. बाकीचं बोलू नको." मला मोजताबी येत नव्हतं धड.

राणीसावरगावची बाई पहिल्यांदा आली तवा तिलाबी त्यानं हात आडवा केला. ती लांबच उभी राहिली. "भाईजान, उनों हमकू नई निकाले थे," आत्याबद्दल एवढं म्हणली अन् फिरली. मामा त्या राती जेवला न्हाई, असं आई म्हणायची. मी बगितलं न्हाई. मामा माझ्यासमोर जेवायचाच बंद झाला व्हता.

आमच्या फादरला दुसरीकडं पाठवलं. नवे फादर आले, त्यांना आत्या माहीत नव्हती. त्यांनी इचारलं, देवळाच्या मागं एक म्हातारा बसतो, तो राखणदार कशाचा हाय? जुने फादर तिकडून कागद पाठवायचे, बिशपाकडून उत्तर यायचं, अजून थांबा. तवर आमचं राज्यबी दोनदा बदललं. हैदराबादचे व्हतो, मुंबईचे झालो, मंग महाराष्ट्राचे झालो. तवा कुणी आमाला इचारलं न्हाई, तुमी जयजयकार आधी केला का मंग केला. मी तर दोन्ही वेळा आधीच केला व्हता.

महाराष्ट्र झालं त्याच सालात ती बाई परत आली. केस पांढरे झालेले. बुरखा वर केलेला, तोंड उघडं. मामा दोर वळत बसलेला, मी त्याच्या शेजारी, मातीच्या कडंला सावलीत. ती लांबच थांबली.

"भाईजान, बेटा हैदराबाद कू लेके जारा. अब आना नई होता. एक दिया लगाके जाऊँ?"

मामानं वर बगितलं. हातातला दोर तसाच राहिला. मला कळंना, ह्याला समजलं का न्हाई. त्या पेवातली बाकीची कुणी राहिली न्हाई, हे मला माहीत व्हतं. ही चालली म्हंजे गवाह संपला. उद्या बिशपाचा कागद आला तरी इचारायचं कुणाला? अन् दिवा लागला तर परत पहिल्यापास्नं मोजायचं. मामाचं वय काय, मोजायचं काय! मी म्हणलं, "मामा, दिव्याचं राहू द्या. आधी इचारून घ्या. आत्ताच. पेवात कोण कोण व्हतं ते. बाई समोर हाय, मी हाय, दोन माणसं अजून बोलावून आणतो..."

बाईनं मामाकडं बगितलं. ती सांगायला तयार व्हती. तिनं बुरखा सावरला, खाकरली बी.

मामानं दोर खाली ठिवला. खिशातली काड्याची पेटी काढली, झाडली, काडी हाय का बगितली, अन् तिच्याकडं धरली. मंग माझ्याकडं बगितलं.

"मला न्हाई ऐकायचं," तो म्हणला. "तू ऊठ तिथून. बसू दे तिला."